मुरमुरा, फुटाणा, सुपारी, मँगनीज

अलकनंदाच्या आईनं एकदा पाहुण्यांसमोर फुटाण्याचा डबा ताटलीत उपडा केला, तर आतून लग्नपत्रिका पडल्या. फुटाणा एक नाही. गोंदियाच्या मावशींनी एक पत्रिका उचलली, उलटीपालटी केली आणि डोळे मोठे केले. "अगंबाई, कोणाचं लग्न काढलं?"

"लग्न कोणाचंच नाही," आई म्हणाली, "आमच्या पोरीचं डोकं आहे हे. डब्यात भरून ठेवते."

पत्रिकांच्या कोऱ्या बाजूला खळीनं चिकटवलेली अंककोडी होती. नागपूरच्या एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत, खालच्या कोपऱ्यात, हे कोडं यायचं. सात घरं आडवी, सात घरं उभी. काही घरांत आकडे छापलेले, बाकीची रिकामी. एक ते सात हे आकडे असे बसवायचे, की कोणत्याही आडव्या ओळीत आणि कोणत्याही उभ्या ओळीत एकही आकडा दोनदा येऊ नये. नियम म्हणाल तर एवढाच. पण एवढ्याशा नियमानं अलकनंदाला असं पछाडलं होतं, की जेवताना ती ताटातल्या वाट्यांचीही जागा बदलून बघायची.

आता गंमत अशी, की बालाघाट पडलं मध्य प्रदेशात, म्हणून घरी हिंदी पेपर यायचा. मराठी पेपर बालाघाटात यायचा तो मराठी मंडळाच्या वाचनालयात, आणि तिथं भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘कात्री लावणाऱ्याचे सभासदत्व रद्द’. मग काय करावं? महिना संपला की वाचनालयाची रद्दी डोमाजींच्या किराणा दुकानात जायची आणि तिथून पुड्या होऊन गावभर फिरायची. अलकनंदा त्या पुड्यांच्या मागावर असायची.

"डोमाजीकाका, दहा पैशाचं जिरं द्या. पण या कागदात नको, त्या खालच्या कागदात."

"पोरी, तुले जिरं पाह्यजे का कागद?"

"मले कागद. जिरं आईले."

"काल बी जिरं नेलंस, परवा बी. तुह्या घरी जिऱ्याचीच भाजी होते का व?" असं म्हणत डोमाजी पुरवणीचा कागद ओढायचे आणि हसत पुडी बांधायचे. कधी तेलाचा डाग, कधी हळदीची बोटं, कधी कोडं अर्धंच, कारण उरलेलं अर्धं कोणाच्या तरी साबुदाण्यासोबत वारासिवनीला गेलेलं. आणि उत्तर? उत्तर पुढच्या रविवारच्या पुरवणीत छापत, आणि ती पुरवणी कोणाच्या घरी मोहरी घेऊन गेली हे देवालाच ठाऊक. म्हणजे अलकनंदाकडे नुसते प्रश्न जमायचे. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. उत्तर आपण काढू की!

नुसतं जमवून मात्र तिचं समाधान होईना. तिनं कोड्यांची प्रतवारी केली. दाताखाली घेतल्यासारखं करून बघायचं, कोणतं किती कडक. हसतहसत विरघळतं ते मुरमुरा. थोडा जोर लावला की फुटतं ते फुटाणा. गालात धरून बसावं लागतं ते सुपारी. आणि ज्याच्यावर दात पडतील ते मँगनीज. बाबांनी भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीतून आणलेला एक काळा जड दगड घरी पेपर उडू नये म्हणून ठेवलेला होता, त्याच्यावरून हे शेवटचं नाव. चार प्रती, चार डबे. आईनं डबे द्यायला नकार दिला, म्हणून तिनं भरलेलेच डबे रिकामे केले.

सुरुवातीला ती प्रत्येक कोडं आधी सोडवायची, मग डब्यात टाकायची. पण त्या वर्षी तिमाहीत गणितात ती अख्ख्या नववीत पहिली आली. मुलांच्याही पुढे! प्रार्थनेच्या वेळी बाईंनी नाव घेऊन उभं केलं, टाळ्या वाजल्या, आणि त्या दिवसापासून अलकनंदाच्या वेण्या जरा जास्तच उडायला लागल्या. आता कोडं सोडवायची गरजच काय? नुसतं बघितलं तरी कळतं. जितकी घरं भरलेली, तितकं सोपं. जितकी रिकामी, तितकं कठीण. घरं मोजली की टाकलं डब्यात.

आता गुणाकरकाकांबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरी त्यांचीच आहे.

गुणाकरकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, दोन घरं सोडून राहायचे. गावातल्या दुसऱ्या शाळेत गणित शिकवायचे. नाव गुणाकर, त्यातून गणिताचे मास्तर, म्हणजे पोरं त्यांना ‘गुणाकार सर’ म्हणणार हे काय सांगायला पाहिजे? आणि काकांच्या गणितात नेहमी बस असायची. अपूर्णांक असो, त्रैराशिक असो, की बीजगणितातला ‘क्ष’ असो, काका लांजीची बस काढायचेच. "समजा, लांजीची बस आहे, आणि कंडक्टरला ठाऊक नाही की टपावर किती जण बसलेत. ते जे टपावरचे, तोच क्ष!" मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची.

भाद्रपदात काकांना ताप आला. साधा नाही, मेंदूचा मलेरिया. दवाखान्यात त्यांनी ग्लानीत एकोणतीसचा पाढा म्हटला, तोही चुकीचा, आणि तो ऐकून प्रेमलताकाकू पदर तोंडात धरून रडली. काका वाचले. घरी आले. अंग भरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. पण काकांचं मात्र स्वतःच्या डोक्यावरून मन उडालं होतं.

बरं झाल्यावर शाळेत गेले, त्या पहिल्याच दिवशी फळ्यावर एक साधं उदाहरण मांडलं आणि मध्येच थांबले. खडू हातात. पुढची पायरी आठवेना.

"पोरं हसली असती ना, तर बरं झालं असतं," काका नंतर अलकनंदाला म्हणाले होते. "ती हसली नाहीत. त्यांना माझी कीव आली."

तेव्हापासून ते रजेवर होते. हेडमास्तर भले माणूस, त्यांनी विचारलं होतं, दिवाळीनंतर वर्ग घेता की ऑफिसात फीचं काम बघता? सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडेल, तेव्हा सांगा. काकांच्या बोलण्यावरून सगळ्यांना कळत होतं, की मनानं ते ऑफिसच्या खुर्चीत केव्हाच जाऊन बसलेत. आणि त्यांच्या बोलण्यात आता बस यायची नाही. गणितच काय, गप्पांतही नाही.

अलकनंदानं ठरवलं, काकांना वर चढवायचं. मुरमुऱ्यापासून सुरुवात, मग फुटाणा, मग सुपारी. दिवाळीच्या सुट्टीत रोज संध्याकाळी ती डबा घेऊन जायची.

"काय आणलंय आज वैद्यीणबाईंनी?" काका विचारायचे.

"मुरमुरा. चावा."

पहिले काही दिवस काका एका कोड्यावर चहा निवेपर्यंत बसायचे. मग हळूहळू चहा गरम असतानाच कोडं संपायला लागलं. दोन फुटाणेही फुटले. काकूनं अलकनंदाला दारात गाठून सांगितलं, "काल त्यांनी स्वतःहून म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे. आजारपणानंतर पहिल्यांदा नाव ठेवलं माझ्या भाजीला!" आणि काकूचे डोळे चमकले, जसं काही कोणी पैठणी दिली.

सगळ्यांनाच काकांसाठी काहीतरी करावंसं वाटत होतं, हाच खरा घोटाळा. गल्लीच्या टोकाला गोपाळकृष्ण वकील राहायचे. बुद्धिबळात आणि वादात आयुष्यात कोणाला हार गेलेले नाहीत. ते एका दुपारी पट घेऊन आले आणि दहा-पंधरा खेळ्यांत वजीर मारू देऊन हरले. वर म्हणाले, "वा गुणाकरराव, तुमच्यापुढे आमचं काय चालणार!"

काका हसले. वकील गेल्यावर म्हणाले, "अलकू, माणूस बरा होत नसला की लोक त्याला जिंकू देतात. लक्षात ठेव."

अलकनंदा आपली पुढचं कोडं काढायला लागली.

शनिवारी संध्याकाळी तिनं विचार केला, सोमवारी काका शाळेत जाणार, तर आज तोंड गोड करूनच उठवावं. मुरमुऱ्याच्या डब्यातून तिनं सगळ्यांत भरलेलं कोडं निवडलं. जवळजवळ अर्धी घरं छापलेली. एक कोपरा तेवढा तेलकट होता, पण आकडे स्वच्छ दिसत होते. "हे तर नुसतं तोंडात टाका," म्हणून तिनं पत्रिका काकांच्या हातात दिली आणि ओट्यावर काकूजवळ शेव खात बसली.

शेव संपली. काकूच्या दिव्याच्या वाती करून झाल्या. आत काही हालचाल नाही. अलकनंदा डोकावली. काकांनी चार-पाच घरं भरली होती आणि पेन्सिल ठेवून खिडकीबाहेर बघत होते.

"काका?"

"घे हे." त्यांनी पत्रिका परत दिली. आवाज अगदी शांत. "मुरमुराही चावत नाही, अलकू. दातच गेले. सोमवारी सांगतो हेडमास्तरांना. ऑफिसच बरं."

"अहो पण काका..."

"तू फार केलंस. आता पुरे."

काकूच्या हातातल्या वाती तशाच राहिल्या.

अलकनंदा घरी आली ती पाय आपटत. काकांवर रागावली होती, स्वतःवर रागावली होती, आणि सगळ्यांत जास्त त्या कोड्यावर. एवढं सोपं कोडं! सकाळी उठल्याउठल्या ती पाठकोरा कागद घेऊन बसली. चौकोन आखला, आकडे उतरवले. चार घरं भरली. पाचवं भरलं. आणि पुढे गाडी अडली.

परत बघितलं. या घरात दोन किंवा पाच. त्या घरात तीन किंवा पाच. कुठेच एक आकडा निश्चित होईना. अंदाजानं पाच टाकला, थोडं पुढे गेली, तर खालच्या ओळीत चार दोनदा आला. खोडलं. दोन टाकला, आणखी कुठेतरी चुकलं. खोडलं. खोडता खोडता कागदाला भोक पडलं.

त्या भोकाकडे बघून ती एकदम ओरडली, "आई! मलेही येऊन नाही राह्यलं!"

"मग एवढी नाचते काहून?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"तेच तर!"

घरं भरलेली होती हे खरं. पण कोडं मुरमुरा नव्हतंच! पत्रिका आणि भोकाचा कागद घेऊन ती वेणी न घालताच वकिलांकडे पळाली. गोपाळकृष्ण वकील उन्हात बसून दाढी करत होते. अर्धा गाल साबणात, तशीच त्यांनी पत्रिका घेतली. "हे? हे तर पोरखेळ आहे." मग म्हणाले, "हं." मग म्हणाले, "थांब." साबण गालावर सुकला. शेवटी त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि जाहीर केलं, "छापण्यात चूक आहे. हे कोडं सुटणारच नाही. मी अपील करीन."

"हे तुम्ही काकांना येऊन सांगा. आत्ताच्या आत्ता."

"चल!"

तर अशी ती वरात काकांच्या घरी पोचली. पुढे मोकळ्या केसांची अलकनंदा, मागे अर्ध्या गालावर साबणाचे पापुद्रे घेऊन वकील. काका ओट्यावर पेपर वाचत होते.

"गुणाकरराव, ते कोडं चुकीचं आहे," वकिलांनी दारातूनच आरोळी दिली. "मला सुटलं नाही, म्हणजे कोणालाच सुटणार नाही."

काकांनी दोघांकडे बघितलं. मग ते हसले, पण ते हसू अलकनंदाला आवडलं नाही. वजीर मारल्यावरचं हसू होतं ते.

"वकीलसाहेब, बसा. चहा घ्या. पण आता नाटक पुरे."

"नाटक? मी?" वकिलांचा साबणाचा गाल थरथरला. "अहो, सकाळपासून डोकं फोडून राहिलो मी!"

"त्या दिवशी वजीर गेला, आज कोडं. तुम्ही सगळे माझ्यावर माया करता, मला कळतं. पण अशानं माणूस बरा होत नाही हो."

आयुष्यात पहिल्यांदा वादात हरलेले वकील गालावरचे पापुद्रे खरवडायला लागले. वजीर त्यांनी मुद्दाम दिलाच होता. एकदा खोटं हरलेल्या माणसाचं खरं हरणंही कोणी मानत नाही.

अलकनंदाचे डोळे भरून आले. एवढं खरं घेऊन आलो, आणि ते खरं कोणी घ्यायलाच तयार नाही! तिनं मुठीतला चुरगळलेला कागद काकांच्या मांडीवर टाकला. "नका मानू! हे बघा, माझं भोक पडलं कागदाला. मी काय मुद्दाम भोक पाडलं?"

काकांनी कागद सहज उचलला. मग मांडीवर ठेवून तळहातानं सरळ केला. चष्मा वर सरकवला. बोट भोकापाशी नेलं.

"इथं पाच टाकलास."

"हौ."

"काहून?"

"दोन किंवा पाच येत होते, म्हणून..."

"म्हणून अंदाज केलास. मग खाली चार दोनदा आला, म्हणून परत आलीस. पण परत येताना ही दोन घरं पुसायची विसरलीस. म्हणून दुसऱ्या वेळी दोन टाकूनही चुकलं. दोन बरोबरच होता की नाही हे तुला कधी कळलंच नाही." काका एकेका खोडीवरून बोट फिरवत होते, जसे वह्या तपासताना फिरवायचे. "आणि हे काय, इथं सहा लिहून त्याचाच तीन केलास? आळशी."

ते थांबले. त्यांनी अलकनंदाकडे बघितलं, आणि या वेळी त्यांचा चेहरा वेगळा होता.

"हे नाटक नाही," ते हळूच म्हणाले.

अठरा वर्षं वह्या तपासलेल्या माणसाला खोटी चूक कळणार नाही का? मुद्दाम चुकणारा एका जागी स्वच्छ चुकतो. खरा चुकणारा घाबरतो, धावतो, मागचं पुसायला विसरतो आणि कागदाला भोक पाडतो.

"म्हणजे तू खरंच अडकलीस."

"अख्खं बालाघाट अडकलं, काका!"

"अख्खं नाही, आम्ही दोघंच," वकील पुटपुटले. "पण मी म्हणजे पुष्कळ झालं."

काका आता ऐकतच नव्हते. "पत्रिका आण, पेन्सिल दे. अंदाज करायचा नाही. आधी नुसतं बघायचं. ही तिसरी ओळ बघ. या ओळीत दोन घरं अशी आहेत, की दोघांतही फक्त दोन किंवा पाचच येऊ शकतात. बरोबर?"

"हौ. पण कुठं दोन आणि कुठं पाच, तेच तर कळत नाही!"

"नको कळू दे." काका पुढे झुकले. "समजा, लांजीची बस आहे."

काकू आतून चहा घेऊन येत होती. ती उंबऱ्यातच थांबली. कप बशीवर वाजले.

"लांजीची बस स्टँडवर लागली. गर्दी मरणाची. बाहेर उभ्या दोन बायकांनी खिडकीतून दोन रुमाल टाकले, दोन सीटांवर. आता कोणती बाई खिडकीशी बसेल आणि कोणती बाजूला, तुले माहीत आहे?"

"नाही."

"तरी त्या सीटा तुले मिळतील का?"

"कशा मिळतील? रुमाल आहे ना!"

"आणि त्या दोघी तिसऱ्या सीटवर बसतील का?"

"काहून बसतील? त्यांना त्यांच्या..." अलकनंदाचं तोंड उघडंच राहिलं. मग ती किंचाळली, "म्हणजे दोन आणि पाच त्याच दोन घरांत! ओळीत दुसरीकडे कुठेच नाही! मग त्या तीन-पाचवाल्या घरातून पाच गेला!"

"गेला. राहिला कोण?"

"एकटा तीन. तीन! काका, तीन!"

"टाक तीन."

एक तीन काय पडला, बांधाची पाळ फोडल्यावर धानात पाणी शिरावं तशी घरं भरत गेली. अलकनंदा सांगायची, काका लिहायचे. मध्ये एकदा काका अडले, कपाळावर आठ्या आल्या आणि हात थांबला. अलकनंदाला उत्तर दिसत होतं, जिभेच्या टोकावर होतं. पण तिनं ओठ घट्ट मिटले. काकांना जिंकू द्यायचं नाही, हे तिला आता कळलं होतं. अडू द्यायचं. काकांनी पेन्सिलीनं कानामागे खाजवलं, ओळ पुन्हा मोजली, "हं, एक," म्हणाले आणि पुढे गेले.

शेवटचं घर भरलं तेव्हा वकिलांनी चष्मा लावून सगळ्या ओळी तपासल्या, उभ्या आणि आडव्या, कोर्टातले कागद तपासावे तशा. "छापण्यात चूक नाही," त्यांनी नाइलाजानं कबूल केलं. "अपील फेटाळलं." मग पट कुठं आहे विचारलं आणि म्हणाले, "या वेळी वजीर देणार नाही, गुणाकरराव. सांगून ठेवतो."

"मागतो कोण?" काका म्हणाले. "आधी गाल धुवा."

वकील नळाकडे गेले. अलकनंदानं लग्नपत्रिका घेतली, मागच्या कोपऱ्यातलं ‘मुरमुरा’ खोडलं आणि ठसठशीत लिहायला लागली, ‘मँग...’

"थांब," काकांनी पत्रिका ओढून घेतली. "घरं मोजून प्रत ठरवायची हे कोणी शिकवलं तुले? किती घरं भरलीत ते नाही बघायचं. माणूस कुठं अडतो आणि सुटायला काय लागतं, ते बघायचं. सगळे डबे परत तपासायचे. एकेक सोडवून."

"हौ," अलकनंदा मान खाली घालून म्हणाली. मग लगेच मान वर करून, "पण हे मँगनीजच आहे ना, काका? वकीलकाकांचे दात पडले यावर!"

काकांनी क्षणभर विचार केला. खरोखरचा विचार, लहान पोरीचं मन राखण्याचा नव्हे.

"छे. मँगनीज कुठलं? सुपारी." त्यांनी आपल्या हातानं लिहिलं आणि पत्रिका तिला परत दिली. "कशी धरायची कळलं की फुटते." मग घराकडे तोंड करून काकूला ओरडून म्हणाले, "अहो, ऐकलं का? उद्या माझा पांढरा शर्ट काढून ठेवा. आणि खिशात खडू राहिला असेल जुना, तो धुऊ नका."